मस्टरवर नसलेला माणूस

गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात रविवारची सकाळ खुशालच्या फोनची असायची. साडेनऊला फोन वाजायचा. कॅनडात तेव्हा शनिवारची रात्र. खुशाल कामावरून येऊन, जेवून, पलंगावर पाय पसरून बोलायचा. आधी मुलीशी, गुंजनशी, मग बायकोशी, अल्काशी. गुंजन नऊ वर्षांची. बाप कॅनडाला गेला तेव्हा ती पाचची होती.

बहुतेक रविवारी अल्काचा धाकटा भाऊ चंद्रशेखरही असायचा. त्याला सगळे शेखर म्हणत. तो आईबरोबर बिरसीला राहायचा आणि गोंदियाच्या ज्या राईस मिलमध्ये खुशालनं नऊ वर्षं काढली, तिथंच ऑफिसात बसायचा. बिलं, गाड्यांच्या पावत्या, फोन, सगळं त्याच्याकडे. नोकरी खुशालनंच लावून दिली होती. वडील लवकर गेले, म्हणून अल्कानं बारावीनंतर शिक्षण सोडून शेखरला बी.कॉम.पर्यंत शिकवलं. त्यामुळे भाऊ कमी आणि पोरगा जास्त, असंच तिला वाटायचं. तो मोटारसायकलवर यायचा, आईनं दिलेली भाजीची पिशवी ओट्यावर ठेवायचा, पोह्यांची बशी घेऊन बसायचा आणि दर वेळी विचारायचा, "काय ताई, आले का भाऊजीचे कागद?"

कागद म्हणजे पीआर, तिथं कायमचं राहायची परवानगी. खुशाल आयटीआय झालेला फिटर. तिथल्या एका कारखान्यात, मसूर अन् वाटाणे साफ करायच्या मशीनवर, त्याला काम मिळालं होतं. तीन वर्षांचं परमिट संपायच्या आधीच त्यानं पीआरचा अर्ज केला, अल्का आणि गुंजनचं नाव घालून. अर्जाचा निकाल लागेपर्यंत काम करता यावं म्हणून त्याला मधल्या काळाचं दुसरं परमिट मिळालं. सगळं कायद्यानं. कर कापून जायचा, पगाराची चिठ्ठी यायची. पहिल्या दिवशी त्यानं फोनवर मोठ्या नवलानं सांगितलं होतं, "अल्का, इथं मशीनले हात लावाच्या आधी माझं नाव लिवून घेतलं."

पण हे परमिट अर्जाला बांधलेलं होतं. अर्ज गेला की तेही गेलं. शिवाय मध्येच गावी आला आणि परत जाताना कुणी अडवलं तर, या भीतीनं खुशाल चार वर्षांत एकदाही घरी आला नव्हता. अल्का कुडवा नाक्यावरच्या सेवा केंद्रात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायची. ती गुंजनला घेऊन मुंबईला जाऊन डॉक्टरी तपासणी करून आली होती. पोलिसांचा दाखला, लग्नाचं प्रमाणपत्र, गुंजनचा जन्मदाखला, सगळं स्कॅन करून तिनंच पाठवलं होतं. आता फक्त वाट पाहायची होती.

ऑगस्टमधल्या एका रविवारी खुशालनं गुंजनशी बोलणं दोन मिनिटांत आटोपलं आणि म्हणाला, "अल्का, गुंजनले बाहेर पाठव. अन् बस जराशी."

"काय झालं?"

"पत्र आलं. ऑफिसरचं." त्याचा आवाज कोरडा होता. "मी गोंदियाच्या मिलमधी फिटर होतो हे खोटं आहे म्हणतेत. त्यायनं मिलमधी फोन लावून विचारलं. मिलवाले म्हणाले, असा माणूस आमच्याकडं कधीच कामाले नव्हता. अन् अनुभवाचं पत्र बी आमी देल्लं नाही, ते बनावट आहे."

अल्काला आधी काही कळलंच नाही. "बनावट कसं? सेठची सही आहे त्याच्यावर."

"तीस दिवसांत जबाब द्याचा आहे. नाही पटलं त अर्ज बाद. फसवणूक केली असा शिक्का बसन. पाच वर्षं तिकडं पाय नाही ठेवता येत. अन् हे परमिट बी खतम."

फोन स्पीकरवर होता. शेखर पोह्यांची बशी खाली ठेवून मोरीकडे हात धुवायला गेला. परत आला तेव्हा अल्का हातात बंद फोन घेऊन बसलेली.

"ऐकलं ना तू? कोण बोललं असन रे असं?"

"मले का माहीत ताई? सेठ बोलला असन."

"तू त तिथंच बसते."

"मी उद्या विचारतो ना सेठले. लेखी घेऊन येतो. तू टेंशन नोको घेऊ." आणि त्या दिवशी तो जेवायला थांबला नाही.

ते अनुभवाचं पत्र खुशालनं कसं मिळवलं होतं ते अल्काला नीट आठवत होतं. मिलमध्ये साठेक माणसं राबायची, पण मस्टरवर, म्हणजे सरकारी हजेरीपटावर, पंधराच नावं. बाकीच्यांचा पगार हातात. खुशालही त्या बाकीच्यांतला. धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचा पट्टा तुटला, बेअरिंग गरम झालं, धान सोलायच्या शेलरचे रबर बदलायचे असले की हाक त्यालाच. कागदावर मात्र तो नव्हता. तरी कॅनडाचं ठरलं तेव्हा मालक गजेंद्रसेठनं कुरकुर केली नाही. लेटरहेडवर पत्र दिलं. शेखरनंच ते टाइप केलं होतं. दोनदा चुकलं म्हणून तिसऱ्यांदा काढलं, आणि त्याच संध्याकाळी घरी आणून दिलं. "भाऊजी, आता तुमी साहेब," म्हणून त्यानं खुशालला उचलूनच घेतलं होतं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. सेठ रायपूरला गेले आहेत, शेखर म्हणाला. मग सेठ सरकारी धानाच्या कामात आहेत. मग सेठची तब्येत बरी नाही. अल्का रोज संध्याकाळी फोन करायची. नवव्या दिवशी तो म्हणाला, "ताई, सेठ नाही म्हणते. मस्टरवर नाव नाही त लिवून कसा देऊ, म्हणते."

"तू पत्राचं सांगितलं का? तू टाइप केलं म्हणून?"

"सांगितलं ना. नाहीच म्हणते तो."

अल्कानं दुसऱ्या दिवशी केंद्रातून दोन तासांची सुट्टी घेतली आणि स्कूटी काढून स्वतःच मिलवर गेली.

बालाघाटच्या रस्त्यावर उसन्या, म्हणजे उकडलेल्या धानाचा वास मिलच्या आधीच येतो. फाटकातून आत ट्रक लागले होते. ऑफिसात शेखरची खुर्ची रिकामी होती. बँकेत गेला होता. गजेंद्रसेठ आतल्या खोलीत होते. साठीचे, जाड चष्मा. त्यांनी तिला ओळखलं, बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

"खुशाल की घरवाली ना तू? कैसा है वो?"

अल्कानं ऑफिसरच्या पत्राचं भाषांतर करून छापून आणलं होतं. ते पुढं ठेवलं. सेठनी सावकाश वाचलं.

"ये तो बुरा हुआ."

"सेठ, तुम्ही काऊन असं सांगितलं? नऊ वर्षं त्यानं तुमची मिल चालवली."

सेठनी चष्मा काढला. "मैंने? बेटी, मैंने तो फोन उठाया ही नहीं. ऑफिस का फोन तो चंद्रशेखर उठाता है. फरवरी की बात है. शाम को उसी ने बताया कि कॅनडावालों का फोन था, खुशाल का पूछ रहे थे. मैंने पूछा, तूने क्या बोला? बोला, सँभाल लिया. मैं समझा, सँभाल लिया."

बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

"अन् आता दहा दिवसांत शेखरनं तुम्हाले विचारलं नाही? लेखी द्या म्हणून?"

"नहीं तो. मुझे तो आज तुझसे मालूम हो रहा है."

मग अल्का म्हणाली, "ठीक आहे. आता मालूम झालं. आता द्या लिवून. पत्र खरं आहे, एवढंच."

सेठनी कागद घडी घालून तिच्याकडे सरकवला. "वो नहीं हो पाएगा. पीएफवालों की जाँच चालू है. पिछले साल एक हमाल का हाथ गया, तब से पीछे पड़े हैं. मैंने एक का लिखा कि बिना मस्टर का था, तो बाकी सबका निकलेगा. तू पढ़ी-लिखी है, समझ."

ते हे अगदी मऊ आवाजात म्हणाले. ती उठली.

फाटकासमोर चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर ती बसून राहिली. चहावाल्यानं न विचारता कप पुढं केला. तिनं तो घेतला आणि प्यायलीच नाही. फेब्रुवारी. मार्च, एप्रिल, मे, जून, जुलै, असे महिने ती मोजत होती. सहा महिने शेखरला माहीत होतं. सहा महिने त्यानं तिच्या घरात, तिच्या हातचं खात, तोच प्रश्न विचारला होता. तो प्रश्न काळजीचा नव्हताच. पकडलो गेलो की नाही, एवढंच तो दर रविवारी पाहून जायचा.

पाऊण तासानं शेखर मोटारसायकलवर आला. तिला पाहून त्यानं गाडी बंद केली, पण उतरला नाही.

"फोन तू उचलला होता," अल्का म्हणाली.

त्यानं गाडीची चावी काढून खिशात घातली.

"बोल ना."

"सेठनं सांगून ठेवलं होतं, ताई. पीएफवाले कोणाच्या बी नावानं फोन करतेत. मस्टरवर नाव नसन त नाही म्हणाचं. मी नाही म्हटलं. आदत होती."

"बरं. भ्यालेलं माणूस 'नाही' म्हणून जाते. धरून चाल. पण पत्र आमचं नाही, बनावट आहे, हे सेठनं सांगितलं होतं का?"

शेखर गाडीचा आरसा पुसू लागला.

"सांगितलं होतं का?"

"बाई होती फोनवर. हिंदीत बोलत होती. ये लेटर आपने दिया है क्या, म्हणे. आता नाहीच म्हटलं होतं पयले, त मंग पत्र कसं हो म्हणू? तोंडातून निघून गेलं."

"तू टाइप केलं होतं ते पत्र. तुया हातानं."

"हो."

"मंग मले काऊन नाही सांगितलं? त्याच दिवशी सांगितलं असतं त तुया भाऊजीनं तिथून काही केलं असतं. सहा महिने होते आपल्याजवळ!"

"मले वाटलं, तेवढ्यानं काही होत नसन. बाकी कागद पक्के आहेत, होऊन जाईन." मग एकदम त्याचा आवाज चढला. "अन् तुमी त चाल्लेच होते ना? तू, गुंजन, भाऊजी. मायले अन् मले इथं सोडून. तिचे गुडघे, ते घर, सगळं माझ्या डोक्यावर. कोणं विचारलं का मले, शेखर, तुयं कसं होईन म्हणून?"

"म्हणून केलं तू हे?"

"नाही." तो रडायला आला होता. "म्हणून नाही. मले नाही माहीत ताई, काऊन केलं त. मी फोन ठेवला अन् बिल काढाले लागलो."

टपरीवरची दोन माणसं कान देऊन ऐकत होती. अल्कानं आवाज खाली आणला. झालं ते झालं, ती म्हणाली, पण अजून वीस दिवस आहेत. उद्या अकरा वाजता कोर्टाच्या गेटपाशी ये. मी प्रतिज्ञापत्र तयार करून आणते. फोन मी घेतला, घाबरून खोटं बोललो, पत्र खरं आहे, मीच टाइप केलं, एवढंच लिहायचं. नोटरीसमोर सही करायची.

"नोकरी जाईन माझी."

"जाईन. दुसरी पाहू. आपण काही उपाशी मरत नाही."

त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि मान हलवली. "येतो."

त्या संध्याकाळी केंद्र बंद झाल्यावर अल्कानं तिथल्याच कॉम्प्युटरवर प्रतिज्ञापत्र टाइप केलं. शेखरचं पूर्ण नाव, वय, राहणार बिरसी. रोज दहा लोकांचे असे कागद ती करायची. आज प्रत्येक ओळ तिनं दोनदा वाचली. भावाला फार लाज वाटू नये म्हणून 'खोटे बोललो' खोडून 'चुकीची माहिती दिली' असं केलं. सकाळी त्याला आवडतात म्हणून भरली वांगी करून डबाही घेतला. काम झालं की दोघं कुठंतरी बसून खातील, असं मनात होतं.

ती पावणेअकराला कोर्टाच्या गेटवर पोचली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. बाराला तिनं फोन लावला तर वाजून बंद झाला. नंतर स्विच ऑफ. नोटरी वकील जेवायला जाऊन परत आला. "मॅडम, पार्टी येणार आहे ना?" त्यानं विचारलं. येणार आहे, ती म्हणाली. तीन वाजता ती घरी परतली. डबा तिनं वाटेत रस्त्याच्या कडेला बसलेल्या एका म्हातारीला दिला.

संध्याकाळी फोन आला, पण शेखरचा नव्हे. आईचा, रुख्माबाईचा.

"काय वो अल्का, पोराले काऊन तंग करून राहिली? दुपारपासून जेवला नाही तो."

"माय, त्यानं काय केलं माहीत आहे का तुले?"

"माहीत आहे. सांगितलं त्यानं मले."

"कधी?"

"होळीच्या टायमाले. लई रडला बिचारा. मी म्हटलं, राहू दे, तिले नोको सांगू, उगीच जीवाले घोर."

अल्कानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुले बी माहीत होतं."

"आता हे पाय, खुशाल काही उघड्यावर नाही पडत. कारागीर माणूस आहे तो, कुठं बी कमावते. याची नोकरी गेली त आमी दोघं काय खाऊन राहू? तूच सांग. मोठी बहीण आहे तू."

अल्कानं फोन ठेवला. गुंजन अभ्यासाची वही घेऊन दारात उभी होती. तिच्यासमोर रडायचं नाही म्हणून अल्का तांदूळ निवडत बसली, निवडलेलेच.

पुढच्या आठवड्यात ती मिलमधल्या तीन माणसांच्या घरी जाऊन आली. दोन हमाल होते. दोघांनीही खुशालचं नाव निघताच तोंडभरून सांगितलं आणि सहीचं म्हणताच पायाकडे पाहिलं. तिसरा ड्रायव्हर, त्याच्या बायकोनं दारातूनच, घरी नाहीत म्हणून सांगितलं, आणि आत टीव्हीसमोर तो बसलेला दिसत होता.

मग खुशाललाच सुकरामची आठवण झाली. सुकराम उईके मिलचा जुना बॉयलरवाला, तीन वर्षांपूर्वी काम सोडून गावी गेलेला. गाव चोरखमाऱ्याच्या तलावापलीकडे. अल्का स्कूटीवर तिरोड्यावरून गेली. विचारत विचारत घर सापडलं. सुकराम अंगणात बांबूच्या कमच्या काढत बसला होता. एका हाताची कातडी कोपरापर्यंत भाजून आकसलेली. तिनं सगळं सांगितलं.

"म्हंजे खुशाल मिलमधी नव्हताच म्हणतेत?" शेवटी त्यानं विचारलं.

"हो."

"मंग माया हात जळला तवा मले बॉयलरपासून ओढून कोणं काढलं? भुतानं?" त्यानं विळा बाजूला ठेवला. "कुठी सही कराची आहे?"

"काका, सेठले कळलं त तुम्हाले त्रास होईन."

"सेठ माया काय करते आता? तलावातलं पानी बंद करते का?"

दुसऱ्या दिवशी तो एकटाच एसटीनं गोंदियाला आला, धुतलेला शर्ट घालून. येताना नातीच्या मोबाईलमध्ये जुने फोटो शोधून आणले होते. एकात विश्वकर्मा पूजेच्या दिवशी फुलं वाहिलेल्या मशीनपुढं सात-आठ माणसं उभी होती, मधोमध खुशाल, मागं भिंतीवर मिलचं नाव. दुसऱ्यात खुशाल शेलर उघडून आत वाकलेला. सुकरामनं नोटरीसमोर सही केली, अक्षर जुळवून जुळवून. अल्कानं त्याला जेवायला घरी चल म्हटलं, तर एसटी चुकेल म्हणाला. बसमध्ये बसल्यावर खिडकीतून त्यानं विचारलं, "तुया भाऊ बी ऑफिसात होता ना वो? त्याले कसं नाही विचारलं?"

"विचारलं, काका," ती म्हणाली. बस निघाली.

उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी गेलं. सुकरामचं प्रतिज्ञापत्र, फोटो, खुशालचं स्वतःचं निवेदन. त्यात खुशालनं फोन कुणी घेतला ते माहीत असूनही लिहिलं नाही. 'कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने' एवढंच. अल्कानं विचारलं, नाव काऊन नाही टाकलं? तो म्हणाला, "टाकून काय होते? त्याची सही त नाही."

आणि मग पुन्हा वाट पाहणं. खुशाल रोज कामावर जात होता. परमिट चालू होतं, तोपर्यंत तो तिथला कायदेशीर कामगार होता; कारखान्यातला फोरमन त्याला म्हणे, तू आमचा सगळ्यात भरवशाचा माणूस आहेस. शेखर रविवारी यायचा बंद झाला. आई अधूनमधून फोन करायची. अल्का गुंजनच्या हातात द्यायची.

डिसेंबरमध्ये निकाल आला. ऑफिसरनं लिहिलं होतं की फसवणूक झाली असं सिद्ध होत नाही, म्हणून बंदीचा शिक्का लावत नाही. पण मिलकडून दुजोरा नाही, त्यामुळे अनुभव धरता येत नाही. अर्ज नामंजूर. त्याबरोबर परमिटही संपलं. सुकरामच्या सहीनं खुशालचं नाव वाचवलं, एवढंच ती सही करू शकली.

जानेवारीत खुशाल आला. अल्का गुंजनला घेऊन स्टेशनवर गेली होती. गुंजननं बापाला पाहिलं आणि आईच्या मागं सरकली. फोनमध्ये तो एवढा उंच दिसत नव्हता. दोन दिवसांनी ती त्याच्या पाठीवर चढून बसली, आणि अल्काला वाटलं, चला, एवढं तरी परत मिळालं.

दोन महिने त्यानं इकडंतिकडं काम पाहिलं. रायपूरला एक जागा होती, पण पुन्हा दूर जायला त्याचं मन होईना. मार्चमध्ये एके दिवशी दुपारी तो बाहेरून आला, माठातलं पाणी घेतलं आणि भिंतीला टेकून बसला.

"गजेंद्रसेठचा निरोप आला होता. जाऊन आलो. तांदूळ निवडाची नवीन मशीन, सॉर्टेक्स, लागली आहे, कोणाले जमून नाही राहिली. मस्टरवर घेतो म्हणते. पीएफ, सगळं."

अल्का भाकरी थापत होती. "अन् तुमी काय म्हटलं?"

"सोमवारपासून येतो म्हटलं."

"तिथं शेखर बसते."

"बसते. भेटला. पाया पडला माझ्या."

"अन्?"

"अन् काय? उठवलं त्याले. चहा पिलो दोघं जण." तो तिच्याकडे न पाहता बोलत होता. "अल्का, मले बी राग आहे. पण मी तिकडं असताना लई विचार केला. समज, मी त्या खुर्चीवर असतो. घरी म्हातारी माय, सेठची ताकीद. अन् असा फोन आला असता. मी काय म्हटलं असतं?"

"तुमी खरं सांगितलं असतं."

खुशालनं ग्लास खाली ठेवला. "मले नाही सांगता येत."

तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती उलटली नाही. चार वर्षं ती एकटी राहिली होती, दारोदार फिरली होती, कोर्टाच्या गेटवर उभी राहिली होती, ते याच्यासाठी. आणि ज्याचं सगळं गेलं तोच एका चहावर मोकळा झाला होता. आता तिच्या रागाला घरात जोडीदार नव्हता. तो तिचा एकटीचा, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो खुनशीपणा वाटणार होता, हेही तिला तिथंच, चुलीपुढं कळलं.

मे महिन्यात शेखरचं लग्न ठरलं. आई स्वतः पत्रिका घेऊन आली, गुडघे धरत. "सगळं विसर वो आता," म्हणाली. "एकच भाऊ आहे तुले." अल्कानं तिला बसवलं, चहा दिला, गुडघ्याला लावायला तेल दिलं. येते म्हणाली नाही, नाही येत असंही म्हणाली नाही.

लग्न बिरसीच्या विहारात, सकाळी दहाला होतं. खुशालनं पांढरा शर्ट घातला. अल्कानं गुंजनच्या दोन वेण्या घातल्या, नव्या फ्रॉकची पाठीमागची गाठ बांधली. स्वतः ती रोजच्याच साडीत होती.

"आई, तू तयार नाही झाली अजून?"

"मी नाही येत."

"काऊन? मामाचं लग्न आहे ना."

खुशाल दारात गाडीची चावी हातात घेऊन उभा होता. तो म्हणाला, "आईले काम आहे, बेटा."

"काम नाही," अल्का म्हणाली. ती गुंजनपुढं खाली बसली. "तुया मामा माझ्याशी खोटं बोलला. आपल्या सगळ्यायचं नुकसान झालं त्यानं, अन् तरी सहा महिने माझ्या घरी जेवून जात होता. बाबानं त्याले माफ केलं. माझ्यानं नाही होत. तू जा, मस्त जेव, मामीले पाहून ये. तुले मनाई नाही."

गुंजननं बापाकडे पाहिलं. त्यानं मुलीला गाडीवर बसवलं. वळणावर जाईपर्यंत गुंजन मागं वळून हात हलवत होती.

अल्कानं भांडी घासली, दाराला कुलूप लावलं आणि चालत नाक्यावर गेली. केंद्राबाहेर आधीच तीन माणसं उभी होती. पहिल्या बाईला उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. अल्कानं कॉम्प्युटर सुरू केला आणि तिला नाव विचारलं.